दोन्हीकडचे निरोप

३ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

फोनवर तू दोन वाक्यांनंतर ‘बरं, ठेवते’ म्हणतेस आणि मला तर मुद्द्यावर यायलाच अर्धा तास लागतो, म्हणून हे पत्र. आज सकाळी उठले तर खिडकीबाहेरचा कालवा गायब झाला होता. धुकं इतकं, की समोरच्या काठावरचा दिवा कुणीतरी पाण्यात ठेवून विसरल्यासारखा वाटत होता. सायकलची घंटी ऐकू यायची, सायकल दिसायची नाही. या दिवसांत मी अशीच अर्धी जागी, अर्धी झोपेत असते. चहा पिऊन झाला तरी आपण उठलोय की नाही, याची खात्री नसते.

‘तू नक्की करतेस तरी काय?’ असं तू दर वेळी विचारतेस. आज नीट सांगते, कारण त्यातच घोटाळा झालाय. लोक चांगलं काम करतात, पण त्याची बातमी होत नाही. ती व्हावी म्हणून मी प्रेसनोट लिहिते, बातमीदारांच्या मागे लागते, फोटो पाठवते. माझ्यावर ना साहेब, ना हाताखाली कुणी. बाहेरच्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी, की पेपरात ‘ते म्हणाले’च्या पुढे जे छापून येतं ते पुष्कळदा मीच लिहिलेलं असतं. मी लिहून मंजुरीला पाठवते, तिकडून ‘चालेल’ येतं आणि त्या क्षणापासून ते शब्द त्यांचे होतात.

माझ्याकडे एक काचकाका आहेत. फुंकणीने काच फुगवून वाडगे आणि बरण्या करतात, पलीकडच्या काठावर त्यांची भट्टी आहे. दुसरी आहे दिवेवाली. ती काचेचे दिवे करते. ती आधी त्यांच्याच हाताखाली शिकली, पुढे भांडून बाहेर पडली आणि तिने आपली भट्टी लावली. तिचं काम घेताना हे मला माहीत होतं. पण त्यांचे वाडगे, हिचे दिवे, एकाचा दुसऱ्याशी काय संबंध, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोघांनाही काही सांगितलं नाही.

आता शहराच्या संग्रहालयाला निळी काच हवी आहे. ती काच तू बघायला हवीस, मावशी. दुधात चिमूटभर आकाश ढवळावं तशी आहे ती. उजेडाला धरली की तिच्याकडे बघता बघता आपण कशाला आलो होतो तेच आठवत नाही. काचेखालच्या पाटीवर ती घडवणाऱ्याचं नाव येणार, आणि ते एकाचंच येणार. काचकाका म्हणतात रंग माझा, दिवेवाली म्हणते माझा. आणि दोघांनीही मला वेगवेगळं गाठून सांगितलंय, की तेवढं माझं नाव लागेल असं बघ.

दोघांचीही मी. एकाचं नाव लागलं तर दुसऱ्याला मी बुडवलेलं असेल. काल झोपेत पाहिलं, की मी त्या पाटीसमोर उभी आहे आणि अक्षरं वाचू गेलं की पुसट होत जातात. जाग आल्यावर बराच वेळ भीती वाटत राहिली. काय करू, ते सांग.

आईने विचारलंय, ताईचा खोकला कसा आहे, थंडीत गळा झाकून असते ना?

तुझी,
बडबडी

*

११ नोव्हेंबर

प्रिय बडबडे,

तुझं पत्र दुपारी आलं तेव्हा मी एका जुन्या नकाशावर डोकं ठेवून झोपले होते. नोकरी सुटली तरी नकाशे सुटत नाहीत. एखाद्या नदीवर बोट ठेवायचं आणि तिच्या उगमाकडे निघायचं, मध्येच कुठेतरी डोळा लागतो. आज ज्या तळ्यापाशी लागला ते तळं आता नाही. नकाशात मात्र मी स्वतः निळ्या शाईने भरलेलं आहे.

तुझा घोटाळा मला कळला. तू मात्र तो धुक्यात गुंडाळून ठेवला आहेस. आमच्या ऑफिसात दोन गावांच्या शिवेचं काम असायचं. एकदा माझ्याकडे असं गाव आलं, जिथे माझी सख्खी आत्या राहायची. मी रेघ सरळच काढली असती. पण उद्या कुणाला आत्या कळली असती, तर ती सरळ रेघही वाकडी दिसली असती. म्हणून मी साहेबांना आधीच जाऊन सांगितलं. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. मला आठवडाभर वाईट वाटलं आणि मग मी ते विसरले.

तेव्हा तू दोघांनाही सांग. एकाच दिवशी सांग, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या तोंडून कळणार नाही. या भांडणात मी कुणाचंच काम करणार नाही, म्हण. ते रागावतील, कदाचित दोघंही जातील, आणि तुला थोडे दिवस हात चोळत बसावं लागेल. पण तोंड लपवत फिरावं लागणार नाही. उशीर करू नकोस. तुला उशीर करायची सवय आहे, जन्मालासुद्धा तू सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतंस.

खोकल्याचं वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचलं. धाकटीने विचारलं? आपल्या धाकटीने? तुझे आजोबा, आमचे नाना, गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि ‘मला मुद्दाम उशिरा कळवलंस’ असं मी तिला चारचौघांत म्हणाले. तेव्हापासून तिने माझ्याशी अबोला धरलाय, तो आजवर. तिला सांग, खोकला बरा आहे. गळा झाकते म्हणावं.

तुझी,
मावशी

*

२४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र पिशवीत घेऊन मी सांगायला निघाले होते, खरंच. आधी काचकाकांकडे गेले. भट्टीचं दार उघडं होतं आणि सगळी खोली नारिंगी झाली होती. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, हातात एक निळा वाडगा दिला. तो अजून कोमट होता. ते हळूहळू बोलत होते, बोलता बोलता मध्येच थांबत होते. त्या उबेत माझे शब्द कुठे गेले कोण जाणे. मी वाडगा परत दिला आणि ‘येते’ म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी बातमीदाराचा फोन. निळ्या काचेच्या वादावर बातमी करतोय, दुपारपर्यंत दोन्ही बाजूंची प्रतिक्रिया हवी. दोन्ही बाजू माझ्याचकडे आहेत हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तेव्हा तरी सांगायचं, तर तेही जमलं नाही.

हसू नकोस, पण मी दोन खुर्च्या मांडल्या. खिडकीकडे तोंड केलेली काचकाकांची, भिंतीकडची दिवेवालीची. काकांचं सोपं होतं, त्यांनीच फोनवर सांगितलं: ‘तो रंग माझ्या भट्टीत जन्मला, बाकी सगळी नक्कल.’ दिवेवाली मात्र परगावी दिवे बसवायला गेली होती, शिडीवर होती. ‘तूच लिही काहीतरी, मी बघते,’ म्हणाली आणि फोन ठेवला.

मी भिंतीकडच्या खुर्चीत बसले. बाहेर धुकं विरळ होत होतं, कुठूनतरी बोटीच्या इंजिनाचा आवाज येत होता, सावकाश. मला तिच्यासाठी चांगलं झणझणीत वाक्य लिहायचं होतं. कागदावर उतरलं ते असं: ‘रंग कुणाचा ते संग्रहालय ठरवील. मी भट्टीसमोर उभी राहते तेव्हा त्यांचा हात अजून माझ्या हातावर असतो, एवढं मला ठाऊक आहे.’ मंजुरीला पाठवलं. ‘चालेल’ आलं. सकाळी छापून आलं.

ते वाचून काचकाका जिना चढून माझ्या खोलीवर आले. याआधी ते कधीच आले नव्हते. पेपरची घडी हातात होती. ‘ती असं म्हणाली?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘छापून आलंय ना.’ मग ते खिडकीत बसून राहिले, पाण्याकडे बघत. जाताना म्हणाले, मी ते नक्कल वगैरे उगाच बोललो, पुढच्या वेळी माझ्याकडून जरा गोड लिही. म्हणून मी त्यांचं गोड लिहिलं. ते वाचून दिवेवालीने मला फोन केला आणि ते सगळं परत मला वाचून दाखवलं. मावशी, त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की कालव्याच्या काठाने मी उगाचच पार टोकापर्यंत चालत गेले. पेपरात दोन माणसं एकमेकांशी मायेनं बोलत होती आणि दोन्ही आवाज माझे होते. सांगायचं राहिलं आहे, हे कबूल. पण आता सांगितलं तर हे सगळं मोडेल.

बातमीचं कात्रण सोबत ठेवलंय. आणि हो, आई म्हणाली, खिडकीजवळची खोली रिकामीच असते, ताई थंडीत आली तर तिला तिथे ऊन मिळेल.

तुझी,
बडबडी

*

१ डिसेंबर

प्रिय बडबडे,

असू दे मग. मागच्या पत्रात मी जरा मास्तरीणबाईसारखं लिहिलं. दोन माणसं जवळ येत असतील तर शब्द कुणी लिहिले हे उकरून काढायचं कशाला? ‘चालेल’ म्हणाली ना ती? झालं तर. तू गप्प बस.

कात्रण मी उशाशी ठेवलंय. ते हाताचं वाक्य वाचलं आणि का कोण जाणे, माझा स्वतःचा उजवा हात जड झाला. पोरीचं आणि त्या काचवाल्याचं भांडण, माझा त्याच्याशी काय संबंध? पण दोन दिवस मी कशात नव्हते. नकाशा उघडायची आणि बघत बसायची.

मी शनिवारचं, पंधरवड्यानंतरच्या शनिवारचं, गाडीचं तिकीट काढलं आहे. धाकटीला लोकरीची शाल घेतली, पिवळी. तिला अजून पिवळा आवडतो ना? खोलीचं ती नेमकं कसं म्हणाली, ते मला लिही. म्हणजे ऊन मिळेल असं म्हणाली, की ताईला ऊन मिळेल असं? नको, राहू दे. लिहू नकोस. जे लिहिलं आहेस ते पुरे आहे.

हल्ली झोप चांगली लागते. काल स्वप्नात आम्ही दोघी ओट्यावर पाय हलवत बसलो होतो, आणि ती कशावरून तरी खदखदून हसत होती.

तुझी,
मावशी

*

१२ डिसेंबर

प्रिय मावशी,

हे पत्र वाचताना तू बसलेली असावीस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ‘लिहू नकोस’ हे तू का लिहिलंस, ते मला कळलं.

आधी काचेचं सांगते. तुझं पत्र आलं त्याच सकाळी काचकाकांनी बोलावलं. भट्टी दिवेवालीच्या नावे करून द्यायची, म्हणाले. आता फुंकायला श्वास पुरत नाही, आणि जिच्या हातावर आपला हात आहे तिलाच ती जावी. कागद तयार होते, दुसऱ्या दिवशी सही करणार होते. आयुष्यभराची भट्टी ते माझ्या एका वाक्यावर देऊन टाकत होते. मी जर तेव्हा गप्प बसले असते, तर पुन्हा कुणाला तोंड दाखवलं नसतं.

मी दिवेवालीला तिथेच बोलावून घेतलं. दोघं भट्टीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि मी सगळं सांगितलं. मी तुम्हा दोघांचंही काम करते. दोघांच्या तोंडचे शब्द माझे आहेत. हिने मंजुरी दिली ती न वाचता दिली, शिडीवरून. भट्टीचा आवाज खूप मोठा वाटत होता.

काचकाका माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी तिला विचारलं, ‘म्हणजे तू असं म्हणाली नाहीस?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘आणि म्हणणारही नाही. उभं राहायला तुम्ही शिकवलंत, काका. रंग माझा आहे. तुमच्या भट्टीत काढला, पण मी काढला.’

 मग त्यांनी एका जागी रचून ठेवलेल्या वाडग्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘हो. तुझाच आहे.’ बस, एवढंच. कागद त्यांनी घडी करून खिशात घातले, भट्टीचं नंतर बघू म्हणाले. ती निघाली तेव्हा मात्र तिच्यासाठी त्यांनी दार धरलं. दोघांनीही माझं काम त्याच दिवशी काढून घेतलं. पाटीवर तिचं नाव लागेल, आणि ते संग्रहालयाला काकांनी स्वतः फोन करून कळवलं. माझी त्यात कुणालाच गरज पडली नाही.

आता आपलं. मावशी, आईने खोकल्याचं विचारलं नव्हतं. खोलीचंही ती काही म्हणाली नव्हती. तिला मी तुझे निरोप द्यायचे तेही असेच, मनचे. दोन्हीकडून कधी काही यायचंच नाही, म्हणून मी करून पाठवत राहिले. मला तुम्ही दोघी हव्या होता, एकत्र. एवढंच कारण आहे आणि ते पुरेसं नाही, हे मला कळतंय. तू शाल घेतलीस. त्या शालीचं वाचून मला रडू आवरेना.

पण एक गोष्ट खरी आहे. ते हाताचं वाक्य माझं नाही. गेल्या वर्षी आई पाकिटावर पत्ता लिहीत होती आणि लिहिता लिहिता, माझ्याकडे न बघता म्हणाली होती: ‘मला अक्षरं ताईने शिकवली, हात धरून. अजून लिहायला बसले की तिचा हात माझ्या हातावर असतो.’ मी ते तुला कळवायला हवं होतं. ते सोडून मी नको ते निरोप रचत बसले, आणि जे खरं होतं ते दुसऱ्याच बाईच्या तोंडी घालून पेपरात दिलं.

हे सगळं मी काल आईला सांगितलं. ती फार रागावली. मग इथवर लिहिलेलं हे पत्र मी तिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, हाताची ती ओळ परत वाचली आणि ‘हे मी म्हणाले होते, पाठव,’ एवढंच म्हणाली. तू येणार आहेस त्यावर ती काय म्हणाली, ते मी सांगणार नाही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.

तुझी चुकलेली,
बडबडी

*

१६ डिसेंबर

प्रिय धाकटे,

हे पत्र तुझ्या नावाने आहे. पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते बाजूला ठेवलं असशील, मग चहा केला असशील, मग उघडलं असशील. सावकाश वाच.

तुझ्या पोरीला मी आजपासून कामावरून काढलं. तूही काढ. चांगली आहे बिचारी, पण तिच्यामुळे आपण दोघी इतक्या गोड झालो होतो, की मलाच आपली ओळख पटेना. मला संशय होता, बरं का. दुसऱ्या निरोपाला तर खात्रीच झाली होती. ताईला ऊन मिळेल, असं तू जन्मात म्हणणार नाहीस. तरी मी तिला गप्प बस म्हणून लिहिलं, कारण ते खरं असावं असं मला फार वाटत होतं. दुपारी डोळे मिटले की मी तुझ्याकडे आलेली असायचे आणि तू दार उघडलेलं असायचं. ते सोडवेना.

आता माझं मी लिहिते, आणि गोड करून लिहीत नाही. नानांचं तू मला आधी कळवायला हवं होतंस, असं मला अजून वाटतं. चारचौघांत बोलले ते बोलायला नको होतं, असंही वाटतं. या दोन्हींतलं एकही मी मागे घेत नाही. तुझंही काहीतरी असणार, इतकी वर्षं आत ठेवलेलं. ते काय आहे ते मला ठाऊक नाही आणि पोरीकडून कळायला नको आहे.

तिकीट मी परत केलेलं नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. बोलावलं नाहीस, तरी येते आहे. नको असेन तर तसं तू स्वतः सांग, मी त्याच गाडीने परत जाईन आणि तुझ्यावर राग धरणार नाही. पण सांगायला स्टेशनवर यावं लागेल. पोरीला पाठवायचं नाही.

आणि भांडायचं असेल तर घरी पोचेपर्यंत थांबू नकोस. फलाटावरच सुरू कर, लोक बघेनात का. मला तुझा आवाज ऐकायचा आहे.

तुझी,
ताई